गोदावरीवरची पीएच.डी. नाशिकमध्ये होऊ द्या : संशोधन केंद्रप्रमुख आणि मार्गदर्शकांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांचे प्रमुख आणि पीएच.डी. मार्गदर्शक

विषय : सूक्ष्मजीव परिसंस्था आणि बायोइन्फर्मॅटिक्स (जनुकीय माहितीचं संगणकावरचं विश्लेषण) या विषयांत पीएच.डी.च्या जागा जाहीर करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये एमएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आपल्यापैकी बऱ्याच जणांशी बाह्य परीक्षक म्हणून, कार्यशाळेत किंवा व्हायव्हाच्या निमित्तानं गाठ पडलेली आहे. एकेकाला गाठून बोलण्यापेक्षा सगळ्यांसमोर एकदाच मांडावं, म्हणून हे पत्र. मागणी अशी आहे : सिंहस्थाच्या २०२७मधल्या पर्वण्या डोळ्यांसमोर ठेवून गोदावरीतले सूक्ष्मजीव आणि त्यांच्या जनुकीय माहितीचं विश्लेषण या विषयावर आपल्या केंद्रांनी मिळून पीएच.डी.च्या जागा जाहीर कराव्यात, आणि लवकर जाहीर कराव्यात.

घाई का, ते आधी सांगते.

२०१५च्या सिंहस्थात पुण्याच्या एनसीसीएसमधल्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) शास्त्रज्ञांनी नाशिकला गोदावरीच्या पाच ठिकाणांचं पाणी तपासलं होतं. तो अभ्यास २०१८मध्ये छापून आला. स्नानाच्या काळात पाण्यातला जिवाणूंचा एकूण भार सुमारे १३० पट वाढला होता, जिवाणूंची विविधता साधारण ३७ टक्क्यांनी घटली होती आणि जिवाणूंना प्रतिजैविकांपासून वाचवणाऱ्या, म्हणजे प्रतिरोधाच्या, जनुकांचं प्रमाणही वाढलं होतं. वाढलेले जिवाणू मुख्यतः माणसाच्या शरीरातून आलेले, हेही त्यात दाखवलेलं आहे. जिवाणू काचेच्या बशीत वाढवून मोजायचे म्हटले असते तर यातलं फार थोडं हाती लागलं असतं, कारण निसर्गातल्या सूक्ष्मजीवांपैकी बहुतांश आपल्या माध्यमांवर उगवतच नाहीत. पाण्यातला डीएनए थेट वाचून, संगणकावर उलगडून हे कळलं.

हे काम चांगलंच आहे, मी ते दरवर्षी वर्गात शिकवते. आणि दरवर्षी मुलं तोच प्रश्न विचारतात : मग पुढे काय झालं? नदी पूर्वपदावर यायला किती महिने लागले? ती जनुकं वाहून गेली, की तळाच्या गाळात बसली? टाकळीला नासर्डी येऊन मिळते, त्याच्या खाली काय परिस्थिती आहे? या प्रश्नांना उत्तर द्यायचं तर महिन्याच्या महिन्याला, सलग काही वर्षं नदीवर जाणारा माणूस लागतो. पाऊस थांबला की दोन तासांत घाटावर पोहोचणारा लागतो. दोनशेहून जास्त किलोमीटरवरून येणाऱ्या चमूला ते जमत नाही. नाशिकमध्ये राहणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला जमतं.

आता घाईचं मूळ कारण. पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस, ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, ऐन पावसाळ्यात. त्या वेळी गोदावरीला पूर असतो, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असतो, शेतांतली माती आणि शहरातलं सांडपाणी नदीत उतरलेलं असतं. सप्टेंबरातल्या पर्वणीच्या पाण्याची तुलना आपण फेब्रुवारीतल्या पाण्याशी केली, तर जो फरक दिसेल त्यातला किती गर्दीमुळे आणि किती पुरामुळे, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशीच व्हायला हवी. म्हणजे सिंहस्थाआधीचा निदान एक पूर्ण पावसाळा नमुन्यांच्या रूपात आपल्या फ्रीजरमध्ये असायला हवा, आणि शहराच्या वरचं, सोमेश्वरच्याही वरचं एखादं ठिकाण तुलनेसाठी कायम धरायला हवं. पर्वणी होऊन गेल्यावर विद्यार्थी नोंदवला तर त्याला हा पावसाळा कुणीही परत आणून देऊ शकत नाही. त्यानंतरची संधी बारा वर्षांनी.

या अभ्यासासाठी नाशिकसारखी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. वैष्णव आखाडे रामकुंडात स्नान करतात, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात. एकीकडे वाहती नदी, दुसरीकडे बांधीव कुंड. माणसांचा लोंढा एकाच हंगामातला, पाण्याची रचना मात्र अगदी वेगळी. प्रयोगशाळेत असा प्रयोग उभा करायचा म्हटलं तर कुणाला परवडला नसता.

नमुना घेणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी जे रसायनशास्त्र किंवा संगणकशास्त्राचे आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण सहमार्गदर्शक म्हणून मला ते हवे आहेत. निर्जंतुक बाटलीत पाणी भरायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि त्याच दिवशी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणपडद्यातून गाळायचं. हिवाळ्यात एक लिटर पाणी सहज गाळून होतं. ऑगस्टातलं चहाच्या रंगाचं पाणी मात्र दोन-तीनशे मिलिलिटरवरच पडदा तुंबवतं, पंप घरघरत राहतो आणि थेंब पडत नाही. मग आधी जाड पडद्यातून गाळावं लागतं, आणि तसं केलं की गाळाला चिकटलेले जिवाणू वरच्या पडद्यावर अडकतात. ते टाकून द्यायचे की वेगळे मोजायचे, याचा निर्णय पहिल्याच दिवशी घेऊन शेवटपर्यंत पाळावा लागतो. प्रत्येक फेरीत निर्जंतुक पाणीही तसंच गाळून एक कोरा नमुना ठेवावा लागतो, कारण डीएनए काढायच्या किटमध्येसुद्धा जिवाणूंचा डीएनए असतो आणि तो निकालात नदीचा म्हणून मिरवू शकतो. पाण्याचं तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, धरणाचा त्या दिवसाचा विसर्ग या नोंदी जागेवरच करायच्या. या नोंदी नसतील तर पुढचं सगळं विश्लेषण अधांतरी. पीएच.डी.चं खरं शिक्षण इथे होतं असं माझं मत आहे. संगणक त्यानंतर येतो.

आणि संगणकाबद्दल आपल्याकडे जो समज आहे त्याबद्दल मला बोलायचंच आहे. माझी एक विद्यार्थिनी निफाडच्या द्राक्ष बागायतदाराची मुलगी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तिनं सार्वजनिक संग्रहातली नद्यांची माहिती उतरवून घेतली, लिनक्स स्वतः शिकली, जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६-एस जनुकाच्या लाखो तुकड्यांतून चुकीची वाचनं (यंत्रानं चुकीचे वाचलेले डीएनएचे क्रम) गाळून काढली आणि दोन हंगामांतला फरक संख्याशास्त्रानं तपासून दाखवला. पुढे एका ठिकाणी पीएच.डी.च्या मुलाखतीला गेली तेव्हा समितीनं विचारलं, ‘यात प्रयोग कुठे आहे? नुसतं संगणकावर बसून पीएच.डी. होते का?’ ते ठिकाण कोणतं, हे महत्त्वाचं नाही. असा प्रश्न अनेक समित्यांमध्ये विचारला जातो. म्हणून उत्तर इथे देते. पुण्यात विद्यापीठातलं बायोइन्फर्मॅटिक्सचं केंद्र १९८७मध्ये सुरू झालं, म्हणजे हा विषय कालपरवाचा नाही. आर्किया नावाची सजीवांची एक संपूर्ण शाखा कार्ल वूज यांनी १९७७मध्ये ओळखली ती रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कणांच्या) आरएनएची तुलना करून, सूक्ष्मदर्शकातून पाहून नव्हे. कोणती वाचनं खरी मानायची, मृत पेशींच्या डीएनएचं काय करायचं, प्रमाणांच्या स्वरूपातल्या माहितीवर कोणती चाचणी चालते आणि कोणती दिशाभूल करते, हे ठरवणं म्हणजेच प्रयोगाची आखणी. तिथे बुद्धी लागते आणि चिकाटीही लागते.

याची दुसरी बाजूही तितकीच स्पष्टपणे सांगायला हवी. हल्ली नमुना कुरिअरनं कंपनीला पाठवायचा आणि काही आठवड्यांनी रंगीत वर्तुळालेखांचा पीडीएफ अहवाल मागवायचा, अशी पद्धत रुळते आहे. अहवाल देखणा असतो. पण कोणता संदर्भसंग्रह वापरला, किती वाचनं गाळली, कोऱ्या नमुन्यात काय निघालं, यातलं काहीच विद्यार्थ्याला सांगता येत नाही. असा प्रबंध मी तरी मान्य करणार नाही. वाचन बाहेरून करून घ्यायला माझी हरकत नाही, यंत्र घेणं आपल्याला शक्यही नाही. पण यंत्रातून निघालेल्या कच्च्या वाचनांच्या फाइली (फास्टक्यू) विद्यार्थ्याच्या हातात आल्या पाहिजेत आणि त्यांचं विश्लेषण त्यानंच केलं पाहिजे. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. क्वाइम-टू, डाडा-टू, आर, पायथन, सगळं मोफत आहे. १६-एसच्या शंभरेक नमुन्यांना १६ जीबी रॅमचा चांगला संगणक पुरतो. संपूर्ण मेटाजीनोम (नमुन्यातल्या सगळ्या सूक्ष्मजीवांचा एकत्रित डीएनए) जोडायचे असतील तर मात्र मोठा सर्व्हर हवा. त्यासाठी गॅलॅक्सीसारख्या सार्वजनिक सेवा आहेत, आणि पुण्याच्या सी-डॅकनं जीवशास्त्रासाठी महासंगणकाची सुविधा उभारलेली आहे. काम झालं की कच्ची माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात जमा करता येते. ते केंद्र २०२२मध्ये सुरू झालं आहे. आपल्या नदीची माहिती तिथे आपल्या विद्यार्थ्यांच्या हातानं जायला हवी.

बशीत जिवाणू वाढवणाऱ्या सहकाऱ्यांनी हे पत्र आपल्याविरुद्ध आहे असं समजू नये. उलट आहे. डीएनएच्या यादीत प्रतिरोधाचं जनुक दिसलं, तरी ते जिवंत जिवाणूत आहे का, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं का, हे जिवाणू वाढवल्याशिवाय सिद्ध होत नाही. २०११मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिल्लीच्या रस्त्यांवरच्या साचलेल्या पाण्यातल्या १७१ नमुन्यांपैकी ५१मध्ये एनडीएम-१ हे अनेक प्रतिजैविकं निष्प्रभ करणारं जनुक सापडलं होतं. त्यातला खरा धक्का असा की ते जनुक असलेले जिवाणू वाढवूनही दाखवता आले. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. रुग्णालयात सापडणारे जिवाणू आणि नदीत सापडणारे जिवाणू यांच्या जीनोमची तुलना एकाच प्रबंधात व्हावी, त्याला एक मार्गदर्शक वैद्यकातला आणि एक मूलभूत विज्ञानातला असावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

गोदावरी सोडूनही विषय कमी नाहीत. त्या निफाडच्या मुलीनं मला एकदा विचारलं होतं, ‘मॅडम, आम्ही शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून वेलीच्या बुडाशी टाकतो. तो तिथे टिकतो का, की दरवर्षी नव्यानं विकत घेतो तेवढाच?’ ट्रायकोडर्मा म्हणजे रोगकारक बुरशांना आवर घालणारी बुरशी. हा पीएच.डी.चा प्रश्न आहे, आणि शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेला आहे. त्याच बागेत केवडा रोग येऊ नये म्हणून पिढ्यानपिढ्या मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलं जातं. मोरचुदातलं तांबं मातीत साठत जातं, आणि तांब्याला तोंड देणाऱ्या जिवाणूंत प्रतिजैविकांचा प्रतिरोधही सोबतीनं आढळतो, हे जगात इतरत्र दिसलेलं आहे. दिंडोरी-निफाडच्या जुन्या आणि नव्या बागांची माती शेजारी ठेवून आपण ते तपासायला हवं. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला नमुने घेतले तर बागायतदार स्वतः नोंदी काढून देतील, ते नोंदींच्या बाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर आहेत.

लासलगावच्या बाजूला शेजारशेजारच्या दोन चाळींत उन्हाळ कांदा भरतात. एकीतला दिवाळीपर्यंत टिकतो, दुसरीत काजळी धरते आणि सड लागते. कांदा चाळीत पडतानाच त्याच्या सालीवर कोणत्या बुरशा आणि जिवाणू होते, यावरून पुढची सड आधी सांगता येईल का? घोटी-इगतपुरीच्या भातखाचरांत मिथेन तयार करणारे आणि मिथेन खाणारे सूक्ष्मजीव एकाच चिखलात राहतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं भातखाचरांतून मिथेन खाणारे नवे जिवाणू वेगळे केलेले आहेत. नांदूर मधमेश्वर २०२०मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तिथल्या पक्ष्यांच्या याद्या दरवर्षी निघतात. तिथल्या गाळातल्या जिवाणूंची यादी कोण करणार?

नियमांची अडचण पुढे केली जाते, म्हणून तेही पाहू. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणे प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक चालतो. अर्धवेळ पीएच.डी. चालते, म्हणजे नोकरी करणारी शाळा-महाविद्यालयांतली शिक्षकमंडळीही येऊ शकतात. कोर्सवर्क धरून किमान मुदत ३ वर्षं आहे. २०२४पासून नेट परीक्षेच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेश घेता येतो. यातल्या कशातही बायोइन्फर्मॅटिक्सला मज्जाव नाही. अडतं ते विषयाच्या मंजुरीपाशी आणि आपल्या संकोचापाशी : ज्यात आपण स्वतः पीएच.डी. केलेली नाही त्यात मार्गदर्शन कसं करायचं? सहमार्गदर्शक त्यासाठीच असतो. पाण्याचं आणि मातीचं आपल्याला कळतं, विश्लेषणाचं पुण्यातल्या किंवा आपल्याच संगणक विभागातल्या सहकाऱ्याला कळतं, आणि विद्यार्थ्यानं दोन्ही शिकायचं.

पैशांबद्दल थोडक्यात. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळवलेल्याला महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढे ४२,०००. जेआरएफ नसलेल्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. विद्यापीठात पहिल्या आलेल्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर अधिछात्रवृत्ती आहे. ग्रामीण भागातली मुलं याबाबत अंधारात असतात, कारण त्यांना कुणी सांगत नाही. यातल्या अनेक योजनांना आधी नोंदणी लागते, आणि नोंदणीला जागा लागते. जागाच जाहीर झाली नाही तर पुढची साखळी सुरूच होत नाही. पुण्याला किंवा मुंबईला राहण्याचा खर्च झेपत नाही म्हणून पीएच.डी.चा विचार सोडून औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात लागलेली हुशार मुलं आपल्या सगळ्यांच्याच माहितीत आहेत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणं वाईट नाही. पण संशोधन करायचं की नोकरी, हे ठरवण्याची संधी तरी त्यांना नाशिकमध्ये मिळायला हवी.

तेव्हा माझं म्हणणं असं. एकेका केंद्रानं एकेक जागा दिली तरी पुरे. पाच-सहा विद्यार्थी, प्रत्येकाचा प्रबंध वेगळा, पण नमुने घेण्याची पद्धत, तारखा आणि नोंदींचा तक्ता सगळ्यांचा एकच. एकाचा भर जिवाणूंच्या विविधतेवर, दुसऱ्याचा प्रतिरोधाच्या जनुकांवर, तिसऱ्याचा गाळावर, चौथ्याचा फक्त विश्लेषणाच्या पद्धतींवर. कोर्सवर्कमध्ये लिनक्स, आर आणि संख्याशास्त्र आपण एकत्र शिकवू; प्रत्येक केंद्रानं स्वतंत्र वर्ग भरवण्याइतकी माणसं कुणाकडेच नाहीत. उणे ८० अंशांचा फ्रीजर ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्यातला एक कप्पा या नमुन्यांसाठी राखावा, आणि वीज गेली तर कुणाला फोन करायचा हे त्याच्या दारावर लिहून ठेवावं. पर्वणीच्या दिवशी घाटावर जाण्यासाठी महापालिका आणि पोलिसांची परवानगी लागेल. तो अर्ज एकेका विद्यार्थ्यानं करण्यापेक्षा सर्व केंद्रांच्या सहीनं गेला तर त्याला वजन येईल.

बैठक आमच्या विभागात घेऊ या. हे सत्र संपायच्या आतली कोणतीही तारीख मला चालेल. येताना प्रत्येकानं आपल्याकडच्या रिक्त जागा, फ्रीजर, गाळणपंप आणि संगणक यांची यादी सोबत आणावी, आणि संगणक विभागातल्या एका सहकाऱ्यालाही घेऊन यावं. सोमेश्वरच्या वर कुणी जायचं, रामकुंड कुणाकडे, कुशावर्त कुणाकडे, तपोवनच्या खालचं ठिकाण कुणाकडे, ते तिथेच ठरवू. टाकळीचा नासर्डी संगम आमचा विभाग घेतो.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक शिक्षिका
नाशिक